झिराडकर सर मचाणावर

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेणारी मुलं कधीच फार नसायची, तरी एझ्रा झिराडकर सरांच्या तासाला मागचे बाकही भरलेले असत. अर्थशास्त्राची, मराठीची मुलं आपला तास बुडवून यायची. सर बुटके, अंगाने भरलेले, हनुवटीवर टोकदार पांढरी दाढी. बोलण्याआधी ती दाढी चिमटीत धरून खाली ओढायची त्यांना सवय होती. दाढी ओढली की वाक्य येणार, हे आम्हाला ठाऊक असे.

"आम्ही शनवार तेली," असं ते पहिल्याच तासाला सांगून टाकत. "माझे पणजोबा अलिबागेजवळच्या झिराडला घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. ज्यू आहोत, पण स्वप्नं मराठीत पडतात. जहाज फुटलं आणि आम्ही कोकणच्या किनाऱ्याला लागलो, असं आमच्याकडे सांगतात. किती शतकं झाली त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. वडील रेल्वेत होते म्हणून नाशिकरोडला आलो. आता विषयाला लागू."

विषय कुठलाही असो, सर शेवटी एकाच जागी येऊन थांबत. म्हणत, "मूल जन्मतं तेव्हा ते नुसतं असतं. मग कुणीतरी त्याला हाक मारतं, ते मान वळवतं, आणि तिथे माणूस सुरू होतो. 'मी' हा शब्द एकट्याला बोलताच येत नाही. आधी समोर 'तू' लागतो." आणि पुढे म्हणत, "दिवसभर आपण माणसांविषयी बोलतो. गिऱ्हाईक, पेशंट, मतदार, परीक्षार्थी. ज्याच्याविषयी बोलतो त्याची हळूहळू वस्तू होते. ज्याच्याशी बोलतो तो माणूस राहतो."

एकदा एका मुलाने विचारलं, "सर, देव आहे का?"

सरांनी दाढी ओढली. "हा प्रश्न त्याच्या पाठीमागे विचारल्यासारखा आहे. त्याला समोरून विचार. देवाविषयी बोलता येत नाही, बाबा. फक्त त्याच्याशी बोलता येतं."

मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्याच विभागात शिकवायला लागले, म्हणजे त्यांची सहकारी झाले. पण त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायला मला कधी जमलं नाही. त्यांच्या घरी मात्र हक्काने जायचे. सिपोराबाई, त्यांच्या पत्नी, शुक्रवारी दिवेलागणीला दोन मेणबत्त्या लावायच्या, सर प्रार्थना म्हणायचे आणि मग नारळाच्या दुधातल्या माशाची आमटी आणि भात. सरांचं तत्त्वज्ञान मला जितकं वर्गात कळलं, तितकंच त्या टेबलावर कळलं. दोघं एकमेकांशी अखंड बोलत. भांडतसुद्धा भरपूर.

नव्वद साली सिपोराबाई गेल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलमध्ये नळ्या लावून ठेवलं होतं आणि सर उशाशी बसून हाका मारत होते. "सिपोरा... सिपोरा, अगं, मी आहे." उत्तर आलं नाही. सिपोराबाईंनी डोळे उघडले नाहीत, ओठ हलले नाहीत. सर हाका मारत राहिले आणि त्या गेल्या.

त्यानंतर सरांनी प्रार्थना सोडली. मला एकदाच म्हणाले, "मीना, आयुष्यभर मुलांना सांगत आलो की हाक मारली की माणूस वळतो. माझी हाक जिला सगळ्यात जास्त ओळखीची होती, ती वळली नाही. आणि वरचाही वळला नाही. मग मी काय शिकवत होतो?"

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. मेणबत्त्यांचे पितळी स्टँड कपाटात गेले. सर घरात बसून राहायला लागले.

एक्याण्णव साली सिंहस्थ लागला. गोदेच्या दोन्ही काठांवर माणसांना पाय ठेवायला जागा राहिली नाही. एका स्वयंसेवी मंडळाने रामकुंडाच्या पुढे, पुलालगत पत्र्याची शेड टाकून हरवलेल्या माणसांसाठी केंद्र काढलं होतं. मी तिथे जात होते. माइकवर बोलायला कुणीतरी खणखणीत आवाजाचं हवं होतं. मी सरांकडे गेले आणि धीर करून म्हटलं, "सर, इतकी वर्षं हाकेवर बोललात. आता प्रत्यक्ष मारा."

मला वाटलं, रागावतील.  ते उठून चपला शोधायला लागले.

सर माइकवर बसले आणि त्या शेडचं रूपच पालटलं. आधीची मुलं कागद बघून वाचायची, "वय साठ, साडी पिवळी, गाव शेवगाव, संबंधितांनी संपर्क साधावा." सरांना ते सहन होईना. ते सरळ हरवलेल्या माणसाशीच बोलायचे. "शेवगावच्या विमलाबाई, तुमची सून इथे माझ्याशेजारी बसून रडतेय. तिने तुमचा हात मुद्दाम सोडलेला नाही. रागावू नका, या." घाटावरची माणसं हसायची, थांबून ऐकायची. आणि विमलाबाई यायच्या. एकामागून एक माणसं येत होती, गळ्यात पडत होती. दोन-तीन दिवसांत सरांच्या चेहऱ्यावर रंग आला. सकाळी माझ्याआधी येऊन बसायला लागले.

मग तो श्रावणातला सोमवार आला.

दुपारी हवालदार सावळीराम एका बाईला घेऊन आले. सावळीराम घाटावरच्या बंदोबस्ताला होते, दिंडोरीकडचे, मोठ्या पोटाचे आणि मऊ मनाचे. बाई साठीच्या आसपासची. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, डोक्यावरून पाठीवर घेतलेली लाल फडकी, दोन्ही हातांवर गोंदण. चेहरा भेदरलेला, पण डोळे सारखे इकडून तिकडे फिरत होते, काहीतरी शोधत होते.

"सर, ही बाई कवाची वाट चुकलीय. बोलत नाय. नाव सांगत नाय, गाव सांगत नाय. डोंगराकडची वाटती, पेठ-सुरगाण्याची."

सरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, नाव काय तुमचं?" त्यांनी मोठ्याने विचारलं. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कानाला हात लावून पंजा हलवला. ऐकू येत नाही.

"हरकत नाही," सर मला म्हणाले. "तिला नसेल येत. तिच्या माणसांना येत असेल." आणि माइक ओढून घेतला. "सुरगाण्याच्या, पेठच्या मंडळींनो, तुमची एक बाई इथे आहे. लाल फडकी आहे, हातांवर गोंदण आहे. तिला ऐकू येत नाही, म्हणून तुम्हीच ऐका. या आणि तिला घेऊन जा."

कुणी आलं नाही. सरांनी पुन्हा सांगितलं. दर थोड्या वेळाने सांगत राहिले. इतर दहा माणसं आली, आपापली माणसं घेऊन गेली. बाई तिथेच. तिच्या दंडाला मंडळाच्या एका मुलाने नंबराची चिठ्ठी बांधली होती. ती तिने दोनदा सोडून टाकली.

चार वाजून गेले तसे फौजदारसाहेब आले. तरुण, दमलेले, डोळे लाल. म्हणाले, "संध्याकाळी गाडी येईल. ज्या बायका राहतील त्यांना महिलाश्रमात पाठवायचंय. ही त्यात धरा."

"तिथून पुढे?" सरांनी विचारलं.

"पुढे पेपरात फोटो वगैरे. बघू."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. डोंगरातल्या कुठल्या तरी पाड्यावर पेपर कोण वाचणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्यांनी माइक बंद केला. खुर्ची ओढून तिच्या समोर आणली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि नुसते बसले. त्या शेडमध्ये सर न बोलता बसलेले मी प्रथमच पाहत होते.

बाईने त्यांना नीट न्याहाळलं. मग तिचे हात सुरू झाले. नदीसारखी लाट दाखवली. बुडी मारल्यासारखं केलं. आपल्याशेजारी कुणीतरी उंच माणूस असल्यासारखा हात वर नेला, नाकाखाली बोटाने मिशी काढली, डोक्यावर टोपी ठेवली. मग दोन्ही पंजे मध्ये आडवे आणून धाडकन आदळले आणि नदीपलीकडे बोट दाखवलं.

"बॅरिकेड," मी म्हटलं. "आंघोळीला उतरले आणि पोलिसांनी मध्ये अडसर टाकला. तो तिकडे राहिला, ही इकडे."

"मिशीवाला म्हणजे नवरा," सर म्हणाले. "मग तो आमची हाक ऐकून का येत नाही?" आणि त्यांनी हातांनीच विचारलं. मिशी काढली, माइककडे बोट दाखवलं, पंजा उताणा केला. का?

बाईने हवेत पुन्हा मिशी काढली. मग कानाला हात लावला आणि पंजा हलवला.

सावळीराम खो खो हसले. "सर, नवरा ऐकत नाय म्हणती! त्यात काय नवीन? घरोघरी हेच हाय!"

शेडमधले सगळे हसले, मीसुद्धा. सर हसले नाहीत. त्यांनी दाढी चिमटीत धरली, पण ओढली नाही.

"मीना," ते हलकेच म्हणाले, "त्यालाही ऐकू येत नाही."

हसू एकदम थांबलं. बाहेर कर्णे भजनं ओरडत होते, पोलिसांच्या शिट्ट्या, घंटा, सूचना, साधूंचे डमरू. आणि त्या सगळ्यात दोन माणसं एकमेकांना शोधत होती, ज्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. आमच्या माइकचा त्यांना उपयोग शून्य. सरांनी दुपारपासून मारलेल्या हाका कुणासाठीच नव्हत्या.

सरांचे खांदे उतरले. ते खाली बघत राहिले. त्या हॉस्पिटलच्या खोलीत बसलेले सर मला पुन्हा दिसायला लागले. तेव्हा बाईने एक गोष्ट केली. तिने पुढे वाकून सरांचं मनगट धरलं आणि अंगठ्याने दोनदा दाबलं. लहान मुलाला 'रडू नको' म्हणतात तसं. सरांनी चमकून वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही. ते तिच्या अंगठ्याकडे टक लावून बघत राहिले.

मग ते उठले. "ऐकू येत नसेल, पण दिसतं तर दोघांनाही! सावळीराम, ते मचाण कुणाचं आहे?"

घाटाच्या कडेला गर्दीवर नजर ठेवायला पोलिसांनी बल्ल्यांचं उंच मचाण बांधलं होतं. फौजदारसाहेब त्याच्या पायथ्याशीच उभे होते. सर बाईचा हात धरून गर्दीतून वाट काढत तिथे पोचले, मागे मी आणि सावळीराम.

"साहेब, हिला वर चढू द्या."

"वर फक्त पोलीस. काय हे, प्रोफेसर!"

"तुमच्या हातातल्या वायरलेसला पलीकडे दुसरा माणूस लागतो की नाही? हिचा दुसरा माणूस पलीकडच्या काठावर आहे. तो फक्त डोळ्यांनी ऐकतो. इथून खाली उभी राहून ती त्याला कशी दिसेल?"

"बाई पडली तर?"

"मी मागे उभा राहतो."

"आणि तुम्ही पडलात तर?"

"मग तुम्ही मला महिलाश्रमात पाठवा."

फौजदारसाहेबांना त्या थकव्यातही हसू आलं. ते पलीकडे बघत म्हणाले, "पाच मिनिटं. सावळीराम, शिडी धर."

बाई शिडी अशी चढली, जशी रोज झाडावर चढते. सरांची मात्र परवड झाली. गुडघे दुखरे, पोट मोठं. सावळीरामांनी खालून खांदा लावला तेव्हा कुठे ते वर पोचले आणि कठडा धरून धापा टाकत उभे राहिले.

वरून दोन्ही काठ दिसत असणार. मला खालून ते दोघे आणि, डोक्यांवरून, पलीकडच्या काठावरचा पिंपळाचा पार एवढंच दिसत होतं. बाईने डोक्यावरची लाल फडकी सोडली आणि गरागरा फिरवायला लागली. सरही रुमाल फिरवायला लागले. पलीकडे काही घडलं नाही. कसं घडणार? त्या घाटावर शेकडो लोक काही ना काही फिरवत होते. भगवे झेंडे, पंचे, ओली धोतरं वाळत धरलेली. त्यात एक लाल फडकी. बाईचा हात दुखायला लागला, तिने हात बदलला. फौजदारसाहेबांनी खालून मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

सर मला नंतर म्हणाले, "तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही नुसतं लक्ष वेधत होतो. हाक मारतच नव्हतो."

त्यांनी तिचा फडकीवाला हात थांबवला. मिशी काढली आणि पंजा उताणा केला. याला तू काय म्हणतेस?

बाईला क्षणात कळलं. तिने फडकी खांद्यावर टाकली. डावा हात कोपरात वाकवून वर धरला आणि उजव्या तळव्याने त्या कोपरावर दोनदा चापट मारली. मग दोन्ही हात उघडून आकाशाकडे फेकले. ते त्याचं नाव होतं. तिने जन्मभर फक्त याच नावाने त्याला बोलावलं होतं.

तिने ते पुन्हा केलं, मोठ्याने. मोठ्याने म्हणजे काय ते त्या दिवशी मी पाहिलं. खांद्यापासून, अख्ख्या अंगाने. सर तिच्या बाजूला उभे राहिले आणि तेही तसंच करायला लागले. कोपर, चापट, चापट, हात आकाशात. बुटके, जाडे झिराडकर सर, तत्त्वज्ञानाचे निवृत्त विभागप्रमुख, मचाणावर उभे राहून एका अनोळखी माणसाचं नाव हातांनी घेत होते.

खाली लोक थांबून बघायला लागले. "काय चाललंय?" कुणी विचारलं. सावळीराम ओरडून सांगायला लागले, "बाईचा दादला हरवलाय! दोघांना ऐकू येत नाय! हे त्याचं नाव हाय!" आणि सांगता सांगता त्यांनी काठी काखेत मारली आणि स्वतःच कोपरावर चापट मारली. मीही मारली. माझ्याशेजारच्या सातपूरच्या कामगारांच्या घोळक्याने मारली. जटाधारी साधू होता एक, त्याने भस्माचे हात वर फेकले. बायका, पोरं, भेळवाला. तुम्हीही करा असं कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही. बघता बघता अख्खा घाट ते नाव घेत होता. कोपर, चापट, चापट, हात आकाशात. शेकडो माणसं, आणि त्यांचा चापटींखेरीज आवाज नाही.

पलीकडच्या काठावर, पिंपळाच्या पारावर, एक माणूस उठून उभा राहिला.

सर वरून ओरडले, "मीना! तो... तो बघ!" आणि त्यांचा आवाज फाटला.

बाईने त्याला आमच्या आधीच पाहिलं होतं. ती कठड्यावर अर्धी बाहेर आली आणि तिचे हात सुटले. पारावरच्या माणसाचेही हात सुटले. त्या कल्लोळात शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. आणि हे दोघे गोदावरीच्या दोन काठांवरून, मधल्या हजारो डोक्यांवरून, सहज बोलत होते. काय बोलत होते हे सांगायला दुभाषी नको होता. ती विचारत होती, कुठे मेला होतास. तो म्हणत होता, मी इथेच होतो, तूच गेलीस. ती म्हणत होती, मी? मी गेले? तिने कपाळावर हात मारला. त्याने दोन्ही कान धरले. घाटावर असा हशा उसळला की पलीकडच्या काठालाही तो ऐकू गेला असेल.

बाई आता शिडीकडे धावली. तोही पारावरून उतरायला लागला. सर दोघांवर ओरडायला लागले, "थांबा! हलू नका! पुन्हा चुकाल!" आणि मग, आपण काय करतोय ते ध्यानात येऊन, त्यांनी तोंड मिटलं आणि दोन्ही हात पुढे करून त्या काठावरच्या माणसाला थांबवलं. तो थांबला. फौजदारसाहेब वायरलेसवर बोलत होते, "पिंपळाचा पार. पांढरी टोपी, मिशी. हात हलवतोय. हो, हो, तोच. अरे, त्याला विचारू नको, हाताला धरून आण!"

दोन पोलिसांमधून तो पुलावरून आला. लोकांनी त्याला वाट करून दिली. उंच, काटकुळा म्हातारा, धोतर अजून ओलं. बाईने पहिली त्याच्या दंडावर सणसणीत चापट लगावली. दुसरी लगावायला हात उचलला आणि तो तसाच त्याच्या डोक्याकडे नेऊन वाकडी झालेली टोपी सरळ केली. मग दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. घाटाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या त्यांना ऐकू गेल्या नाहीत, पण वर गेलेले हात त्यांनी पाहिले, आणि म्हाताऱ्याने लाजून मान खाली घातली.

त्यांची जीप दिंडोरी रस्त्याला होती. म्हातारा आम्हाला हाताने वाट दाखवत नेत होता. सर बरोबर चालत होते, लंगडत, पण कुणाचं ऐकत नव्हते. जीपपाशी एक तरुण डोकं धरून बसला होता. पुंजा, त्यांचा भाचा. या दोघांना बघून तो लहान पोरासारखा रडला.

"आमचा बारकूमामा नि कुसामामी," तो म्हणाला. "दोघं जल्मापासून असेच. पाड्यावरची सगळी जीपमदी बसली, यांचा पत्ता नाय. लय शोधलं, सर. मी ठाण्यावर सांगून आलो, पर नावं सांगून काय उपेग? हे काय वळून बघनार हायेत?"

सरांनी कोपरावर चापट मारून विचारलं, "आणि हे?"

पुंजा रडता रडता हसला. "मामा लहानपनी मोहाच्या झाडावरून पडला, कोपार मोडला त्याचा. तवापासून ते नाव."

"आणि मामीचं नाव?"

पुंजाने मामाकडे पाहिलं. बारकूमामाने मिटलेली बोटं ओठांवर ठेवली आणि ती फुलासारखी उघडत नेली. हसरी. मग कुसाबाईने सरांकडे बोट केलं, आपली हनुवटी चिमटीत धरली आणि खाली ओढली. एकदा, दोनदा. बारकूमामानेही तसंच केलं.

"सर," पुंजा म्हणाला, "तुमचं नाव पडलं."

 सरांनी हात जोडले.

परत येताना आम्ही नदीकाठी पायऱ्यांवर टेकलो. ऊन उतरत होतं. सर आपल्या मनगटाकडे बघत होते.

"मीना, सिपोरा हॉस्पिटलमध्ये होती ना, मी तिचा हात धरून बसायचो. ती अंगठ्याने माझं मनगट दाबायची. दोनदा. थांबायची. पुन्हा दोनदा. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, अशा अवस्थेत स्नायू आपोआप आखडतात. मी ते मानलं. कारण मी शब्दाची वाट बघत होतो. ओठ हलायची वाट बघत होतो." ते थांबले. "डॉक्टरांचंच खरं असेल कदाचित. मला सिद्ध करता येणार नाही. पण आज त्या बाईने मनगट दाबलं आणि मला कळलं की दाबणं म्हणजे काय असतं. ती उत्तर देत होती. पूर्ण वेळ उत्तर देत होती. आणि मी तिला म्हणत होतो, सिपोरा, बोल ना गं!"

ते रडले. पण ते रडणं वर्षभरात पाहिलेल्या गप्प बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. 

थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाले, "आमच्या मुख्य प्रार्थनेचा पहिला शब्द आहे, 'ऐक'. आणि तो म्हणताना आम्ही डोळ्यांवर हात ठेवतो, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. लहानपणापासून मी तो शब्द कानाचा समजत आलो. वर्गात मी मुलांना सांगायचो, हाक मार, म्हणजे माणूस सुरू होतो. अर्धंच सांगत होतो. समोरच्याचं नाव त्याच्या भाषेत घ्यावं लागतं. आपल्या भाषेत घेतलं तर तो आपला स्वतःचाच प्रतिध्वनी. आणि मी वरच्याला वर्षभर म्हणतोय, तू बोलत नाहीस! मला काय माहीत तो कुठल्या काठावर उभा राहून हात हलवतोय."

ते उठले. पश्चिमेला तोंड केलं. डोळ्यांवर हात न ठेवता, उघड्या डोळ्यांनी, त्या गर्दीकडे, पाण्याकडे, वर उडणाऱ्या बगळ्यांकडे बघत त्यांनी मोठ्याने प्रार्थना म्हटली. हिब्रू शब्द मला कळले नाहीत. शेजारी आंघोळ करून आलेला एक म्हातारा थांबला, ऐकलं, आणि संपल्यावर सरांना विचारलं, "कुठला मंत्र म्हणायचा हा?"

"घरचा," सर म्हणाले.

"झकास म्हनता," म्हातारा म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी फौजदारसाहेबांनी आमच्या शेडशेजारी एक छोटं मचाण उभं करून दिलं. ज्यांची माणसं हाकेने येत नसत, त्यांना सर वर चढवायचे आणि आधी विचारायचे, "तुमचा माणूस तुम्हाला काय म्हणून ओळखतो?" कुणी शीळ घातली, कुणी ओव्या म्हटल्या, एका आजीने नुसती नातवाच्या नावाने शिव्यांची लाखोली वाहिली आणि तो धावत आला. सिंहस्थ उतरेपर्यंत सर रोज तिथे होते.

सुरगाण्याला सर पुढे दरवर्षी जायला लागले. कधी मी बरोबर असायचे. दोन हजार चार साली पुंजाच्या मुलीचं, आरोहीचं लग्न होतं. सर तेव्हा सत्तरी ओलांडलेले. अंगणात मांडव, नागलीच्या भाकऱ्यांचा ढीग, तारपा वाजत होता, नाचणाऱ्यांचा वेढा फिरत होता. सर बाजेवर कुसाबाई आणि बारकूमामाच्या मध्ये बसून हातांनी काहीतरी सांगत होते. त्यांची ती भाषा आता चांगली सराईत झाली होती. मला थोडंथोडं कळायचं. आपण मचाणावर चढताना सावळीरामांच्या खांद्यावर कसं बसलो, आणि सावळीराम कसे खाली बसले, ते चाललं होतं. पोट दाखवलं, शिडी दाखवली, शिडी डुलली.

कुसाबाई हसली. नेहमी ती बिनआवाज हसायची. त्या दिवशी तिच्या घशातून आवाज फुटला. खरखरीत, मोठा, आडवातिडवा, पाड्यावर कुणीच कधी न ऐकलेला. तारपा थांबला. नाचणारे थांबले. अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला कळेना लोक का बघताहेत. तिने सरांना हातांनी विचारलं, काय झालं?

सरांनी तिचं नाव घेतलं, मिटलेली बोटं ओठांवर ठेवून, फुलासारखी उघडत. आणि सगळ्या मांडवाने ते त्यांच्या मागोमाग घेतलं.